लिंबाच्या दह्याची तक्रार

तक्रार करणे हा माझा स्वभाव आहे. ती लेखी, मुद्देसूद आणि पोच घेऊन करणे ही सवय. अंबडच्या न्यायालयात लिपिक म्हणून उमेदीची सारी वर्षे काढल्यावर माणसाला दुसरे काही जमेनासे होते. बसस्थानकावरचे चुकीचे वेळापत्रक, बँकेतला बंद पंखा, गल्लीतला उघडा चर, या प्रत्येकावर मी पत्रे लिहिली आहेत. त्यांपैकी एकाचीही मला लाज वाटत नाही. जिची वाटते ती तक्रार दह्याबद्दल होती.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता नवीन जालन्यात राहायला आलो. पित्ताच्या त्रासामुळे डॉक्टरांनी माझा दुपारचा चहा आणि तळलेले पदार्थ बंद केले होते. चार वाजले की जीव नुसता कासावीस होई. अशा वेळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात मला लिंबाच्या स्वादाचे दही सापडले. एका बाईने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ते दुकान थाटले होते. दह्याच्या एजन्सीने तिला काचेच्या दाराचा एक उभा फ्रिज दिला होता आणि त्यात हे इवलेसे पिवळे कप मांडलेले असत.

दही घट्ट होते. चमचा आत गेला की त्याची खूण तशीच राही. आधी जिभेला गारवा लागे, मग बेताची गोडी, आणि गिळताना लिंबाच्या सालीचा किंचित कडसर वास मागे रेंगाळे. पोटाला जड नाही, छातीत जळजळ नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मी तो कप सावकाश संपवीत असे आणि कुणी पाहत नाही याची खात्री करून झाकणाची चांदीही चाटत असे. तेवढी पंधरा मिनिटे मला कुणाचाही राग येत नसे. आमच्या सौभाग्यवतींनी हे बरोबर हेरले होते. एकदा म्हणाल्या, "अहो, त्या बाईला सांगा, रोज दोन कप द्यायला. घरात अर्धा तास तरी शांतता राहील."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कप हातात घेतला तर झाकण फुगलेले. उघडल्यावर आंबूस वास आला. दही कोमट झाले होते आणि वर पाणी सुटले होते. मी ते तिच्यासमोर धरले.

"लाइट सकाळपासून गेल्ती, काका," ती म्हणाली. "आता आल्ती तर पुन्हा गेली. ठेवा तो, खाऊ नका. उद्या ताजा माल येतो, तवा दोन घ्या माझ्याकडून."

एखाद्या समजूतदार माणसाने तिथेच विषय संपवला असता. मी मात्र उठलो आणि फ्रिजचे दार स्वतः उघडले. दारावर एजन्सीची चिकटपट्टी होती: या फ्रिजमध्ये केवळ कंपनीचाच माल ठेवावा. आत केळीच्या पानात गुंडाळलेले दोन गजरे होते, शेजारणीची मळलेली कणीक होती आणि दाराच्या कप्प्यात रबर लावलेला एक प्लास्टिकचा डबा होता.

"हे काय आहे?"

"आजीचं इन्सुलिन हाये, काका. त्या बियाणं निवडायला जातात ना, त्या आजी. त्यांच्या घरी फ्रिज न्हाई. सकाळ-संध्याकाळ येऊन घेऊन जात्यात."

त्या आजींना मी ओळखत होतो. माझ्याच वयाच्या असतील. मूळच्या धावड्याच्या; नवरा गेल्यावर लेकीकडे जालन्याला आलेल्या. डोक्याला रुमाल बांधून बियाण्याच्या गोदामाकडे जाताना रोज दिसायच्या. मी "अस्सं" म्हणालो आणि मोबाइलवर फ्रिजच्या आतल्या भागाचे छायाचित्र काढले. बाई वजनकाट्याकडे वळली होती. तिला ते दिसले नाही.

त्याच दिवशी बसून मी एजन्सीला पत्र लिहिले. विषय, संदर्भ, पाच मुद्दे, सोबत छायाचित्र. चौथा मुद्दा असा होता: "सदर फ्रिजमध्ये फुले, कणीक व एक औषधसदृश वस्तू आढळून आली असून त्यामुळे खाद्यपदार्थांच्या शुद्धतेस बाधा पोहोचते."

औषधसदृश वस्तू. हा शब्द माझ्या लेखणीतून चुकून उतरलेला नाही. त्याआधी मी दोन शब्द लिहून खोडले होते. "औषध" लिहिले तर वाचणारा विचारील, कुणाचे? "इन्सुलिन" लिहिले तर विचारायचीही गरज उरणार नाही, आणि माझ्या तक्रारीतले सारे बळ निघून जाईल. म्हणून मला पूर्ण माहीत असलेली गोष्ट मी माहीत नसल्यासारखी लिहिली. न्यायालयात असे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले होते. ते खोटे बोलत नसत. खरे तेवढे धूसर करून सांगत. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांच्याबद्दल जेवताना काय काय बोलायचो, ते सौभाग्यवतींना अजून आठवते.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. दोन माणसांनी फ्रिज उचलून नेला. मी गच्चीवरून पाहत होतो, आणि लपवून उपयोग नाही, मला समाधान वाटले. माझ्या पत्राची इतक्या तातडीने दखल आजवर कुणीच घेतली नव्हती.

सवयीने चार वाजता पाय दुकानाकडे वळले. फ्रिजच्या जागी भिंतीवर जुन्या रंगाचा एक चौकोन तेवढा राहिला होता. बाई शेंगदाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"या काका, बसा. पत्र फार झ्याक लिहिता तुम्ही. एजन्सीवाल्यानं पूर्ण वाचून दाखवलं मला. माझ्या दुकानावर एवढं कुणी लिहिलं न्हवतं आजवर."

मी म्हणालो की माझा रोख व्यक्तीवर नसून नियमभंगावर होता.

"ते तर हायेच," ती म्हणाली. "बिस्किट देऊ? त्याला फ्रिज लागत न्हाई."

आठवडाभराने सौभाग्यवती बाहेरून आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आजींनी इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली होती. पण घरावर पत्रे, आणि बाहेर बेचाळीस अंश. औषधाचा गुण गेला. गोदामात बी निवडताना त्यांना भोवळ आली आणि सोबतच्या बायकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. साखर बेसुमार वाढली होती. दोन दिवस ठेवून घेतले. आता घरी आहेत.

"तुम्ही फ्रिज उघडला होतात म्हणे," सौभाग्यवती म्हणाल्या. "ते इंजेक्शन आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. त्यांना उत्तर न देताच मिळाले. त्यांनी आमच्या फ्रिजमधल्या भाज्या एका बाजूला सारल्या, आजींच्या घरी गेल्या आणि नव्या बाटलीचा डबा घेऊन आल्या.

मी दुसरे पत्र लिहिले. तक्रार मागे घेत आहे. ती वस्तू इन्सुलिन असल्याचे मला तेव्हाच माहीत होते. ही माहिती मी जाणीवपूर्वक वगळली. सबब फ्रिज परत द्यावा. हे पत्र घेऊन मी स्वतः एजन्सीत गेलो. तिथल्या तरुण व्यवस्थापकाने ते नीट वाचले.

"काका, तुमचं पहिलं पत्रच बराबर होतं," तो म्हणाला. "इन्सुलिन असो का अमृत, नियमात बसत न्हाई ते बिलकुल बसत न्हाई. आणि तो फ्रिज आता दुसऱ्या दुकानात लागला पण."

त्याच्या जागी मी असतो तर हेच उत्तर दिले असते, फक्त लेखी.

आजी आता सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे येऊ लागल्या. ओसरीतल्या खुर्चीवर बसून स्वतःच सुई टोचून घेत, डबा सौभाग्यवतींच्या हाती देत आणि जात. जाताना मला "येते, साहेब" म्हणत. तो निरोप मला सोसवेना. माझ्यामुळे ज्या बाईला दवाखाना पाहावा लागला, ती मला उपकारकर्ता समजते आणि मी तो समज तसाच राहू देतो, हेही पुन्हा सत्य झाकणेच होते. पंधरा दिवस मी वाक्ये जुळवीत राहिलो. शेवटी एका सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जुळवलेले एकही वाक्य न वापरता म्हणालो, "आजी, तो फ्रिज माझ्या पत्रामुळे गेला. त्यात तुमचं औषध आहे, हे मला माहीत होतं."

त्यांनी पदराने सुईची जागा दाबून धरली होती.

"ठाऊक हाये मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही आमच्याकडे..."

"तुमच्याकडं फ्रिज हाये म्हणून येते, साहेब. तुम्ही चांगले म्हणून न्हाई येत."

आणि "येते" म्हणून त्या गेल्या.

वाटले होते की कबुली दिल्यावर मन हलके होईल. तसे काही झाले नाही. पुढच्याच महिन्यात मेहुण्यांच्या घरी नगरला लग्न होते. आम्ही दोघेही तीन दिवस जाणार, हे आजींच्या कानावर गेले. संध्याकाळी त्यांनी विचारले, "मंग चावी कुठं ठेवता?"

मी थांबलो. फार नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच. कपाट, कागदपत्रे, दागिने, सारे त्या श्वासात मनात येऊन गेले. आजींना ते दिसले. इतक्या उन्हाळ्यांनी रापलेल्या त्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

"ऱ्हाऊ द्या," त्या उठत म्हणाल्या. "तीन दिवसांचा तर सवाल हाये. बर्फ आणून ठेवीन मी."

"चावीची गरज नाही," मी म्हणालो. "मी घरीच आहे."

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी वळून पाहिले. लग्नाला त्या एकट्या गेल्या. मी राहिलो, यात मोठेपणा काही नाही. चावी देणे मला जमले नाही, म्हणून राहावे लागले. सकाळी सातला मी दार उघडून ठेवीत असे. आजी येत, खुर्चीवर बसत, मी डबा काढून देई आणि त्यांचे होईपर्यंत पाठमोरा उभा राही. तीन दिवसांत त्या माझ्याशी एक शब्दही जास्तीचा बोलल्या नाहीत, आणि तसे न बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.