साडभाऊंची झोप आणि माझा स्विच

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो, तोंडी लावणं म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… आणि एकाकडेही पुरावा नाही. माझा धंदाच असा की जे लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदीत, नाही ते घडलंच नाही. आता माझ्याकडेच एक असा लॉग आहे जो कुणाला दाखवायची सोय नाही, म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत. चिडचिड खरी आहे.

मी देवळीत इंटरनेटच्या लाइनी देतो. माझी कंट्रोल रूम म्हणजे सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानावरची खोली – बाजाराकडे उघडणारी एक खिडकी, एक टेबल, एक आरामखुर्ची आणि भिंतीवरच्या रॅकमध्ये मुख्य स्विच. गावातल्या सगळ्या लाइनी या स्विचमध्ये येतात आणि एकाच मोठ्या लाइनीतून बाहेर पडतात. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी – डेटा लहान लहान तुकड्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. एसटीत जागा उरली नाही की उरलेले प्रवासी स्टँडवरच राहतात, तसं गर्दीत स्विचला न पेललेलं पॅकेट मागे राहतं. हा ड्रॉप. थोडे ड्रॉप चालून जातात. पण या कापसाच्या हंगामात दुपार झाली की ड्रॉपचा आकडा डोळ्यांदेखत पळायला लागायचा.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावाबाहेरचं एक जिनिंग, कापसातून सरकी काढणारा कारखाना. त्यांच्या काट्यावर कापसाची गाडी चढली की वजन ऑनलाइन जातं, मग पावती निघते. पॅकेट पडली की पावती अडकायची आणि गेटबाहेर गाड्यांची रांग लागायची. मॅनेजरनं सरळ सांगितलं – शुक्रवारी येऊन बसतो, सुधारलं नसेल तर दुसऱ्याची लाइन घेतो. ते गेले असते तर त्यांच्यामागे अर्धा बाजार गेला असता आणि मला खाली दुकानात भांडी विकायला बसावं लागलं असतं. सासरे त्या दिवसाची वाटच पाहत होते.

मी काय नाही केलं? केबल बदलल्या, फायबरचं मॉड्यूल बदललं, अर्थिंग तपासलं, कुठे लूप झालाय का ते शोधलं, सॉफ्टवेअर नवं टाकलं, मोठी लाइन स्विचच्या दुसऱ्या खाचेत, म्हणजे पोर्टात, लावून पाहिली. स्विच ढिम्म.

अशात आमचे साडभाऊ आले. म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, रोहण्याचे शेतकरी. यांच्याबद्दल मी निष्पक्षपणे लिहू शकत नाही, लिहिणारही नाही. उंचपुरा माणूस, पन्नाशीला आला तरी डोक्यावर सगळे केस. ते आले की सासूबाई पाटवडीचा बेत करतात. मी त्याच घरात राहतो, पण मला पाटवडी मिळते ती यांच्या निमित्तानं. सासरे त्यांना 'जवाईबुवा' म्हणतात, मला 'अहो, ऐकलं का'. माझी बायको शीतलसुद्धा "भाऊजी आले" म्हणताना आधी पदर सारखा करते. मी जळतो. लपवत नाही.

जेवण झालं की ते वर येतात, माझ्या आरामखुर्चीत बसतात, "चालू दे तुह्यं" म्हणतात आणि घोरायला लागतात. त्या दुपारीही तेच झालं… आणि स्क्रीनवरचा आकडा थांबला.

मला आधी वाटलं स्क्रीनच अडकली. नाही. ट्रॅफिक तेवढाच होता, गर्दी तेवढीच, आणि ड्रॉप एकही नाही. मग भाऊ उठले, जांभई दिली, तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला खाली गेले. आकडा पुन्हा पळायला लागला.

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांचा मुक्काम होता आणि रोज हेच. ते जागे बसले तर काही फरक नाही. डोळा लागला की शून्य. मी स्वतः त्या खुर्चीत पडून पाहिलं. शीतलला निजवलं. एकदा कसंबसं सासऱ्यांनाही. सासरे उत्तम घोरले, स्विचनं दखलही घेतली नाही. शीतलला हे सांगितलं तर म्हणाली, भाऊजींचा पायगुणच तसा आहे. इतकी वर्षं मी या घराचा जावई आहे, माझा पायगुण कुणी काढला नाही.

शुक्रवारच्या आधी ते रोहण्याला परत गेले. मग काय करता… ज्या माणसाचं नाव निघालं की माझा घास अडतो, त्याला मीच फोन केला. म्हणालो, शुक्रवारी या, पाटवडी आहे.

आले. जेवले. बसले. पण झोप काय कुणाच्या हुकमानं येते? खाली लग्नसराईची गर्दी, आणि आमच्याकडे भांडं वाजवून पाहिल्याशिवाय कुणी विकत घेत नाही. खाली टण्ण झालं की वर भाऊंचे डोळे उघडायचे, आकडा पळायचा आणि मॅनेजर माझ्याकडे पाहायचा. हे कोण, असं त्यानं विचारलं तेव्हा रात्रपाळीचा माणूस आहे म्हणून सांगितलं. शेवटी मी खाली जाऊन सासऱ्यांच्या कानात म्हणालो, थोडा वेळ भांडी वाजवू देऊ नका, भाऊ झोपलेत. माझ्या धंद्याचं कारण दिलं असतं तर त्यांनी आणखी दोन घागरी वाजवल्या असत्या. भाऊंचं नाव ऐकताच मात्र गल्ल्यावरून उठले आणि एकेका गिऱ्हाइकाला हात जोडून थांबवू लागले. त्या दुपारी देवळीत पितळ मुक्यानं विकलं गेलं. एकही पावती अडकली नाही. लाइन राहू द्या म्हणून मॅनेजर निघून गेला.

संध्याकाळी चहा घेताना मी जरा खोचकच विचारलं, भाऊ, घरी झोपू देत नाहीत का तुम्हाला?

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाई ना बाबू. माय गेली तवापासून मले घरी झोपच नाई. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तुह्या या खोलीतच तेवढा डोळा लागते, म्हणून येतो. तुले त्रास होते, समजते मले."

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मला का सांगितलं नाही, असं शीतलला विचारलं. ती म्हणाली, "त्याईचं नाव निघालं का तुम्ही तोंड फिरवता. कोणं सांगावं तुमाले?"

वाईट वाटलं मला. पण खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी हेवा वाटला. खोली माझी, खुर्ची माझी, आणि तिथं माझा डोळा कधी लागला नाही.

मग किमतीकडे न पाहता मी मोठा स्विच मागवला आणि जुना काढून ठेवला. कुणाच्या झोपेवर धंदा चालवायचा नव्हता. नव्या स्विचवर ड्रॉप बंद, कुणी झोपो की जागो. पुढच्या खेपेला भाऊ आले, बसले, डोळे मिटले… उघडले. कूस बदलली. खाली त्या दिवशी बाजारही शांत होता. दिवे लागेपर्यंत ते तसेच छताकडे पाहत बसले. "आज काऊन नाई आली, कोण जाणे," एवढंच म्हणाले आणि एसटी धरायला निघाले. मला जे हवं होतं ते झालं होतं. रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर ते आले तेव्हा मी जुना स्विच रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवून चालू केला. नुसती वीज. एकाही पोर्टात केबल नाही, फक्त आकडे वाचायची वायर माझ्या लॅपटॉपला. त्यांना काही बोललो नाही. भाऊ बसले, संत्र्याच्या भावाचं काहीतरी सांगायला लागले आणि अर्ध्या वाक्यात घोरू लागले.

आणि एका रिकाम्या पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मी लॅपटॉप पाहिला. त्या पोर्टवर पॅकेट येत होती, जात होती, कुणाशी बोलणं चालू असावं तशी. ड्रॉप शून्य. भाऊंनी डोळे उघडले तसा दिवा विझला.

पंख्याच्या आवाजानं झोप लागत असेल म्हणावं, तर नव्या स्विचचा पंखा जास्त आवाज करतो. पोर्ट खराब म्हणावं, तर एरवी दिवसभर तो दिवा का लागत नाही? नागपूरच्या एका जाणत्या मित्राला तो लॉग पाठवला. त्यानं विचारलं, केबल कुठे गेली होती? मी म्हणालो, कुठेच नाही.

आता भाऊ दर बाजाराच्या दिवशी येतात. तो स्विच काहीही काम न करता चालू असतो. सासरे विचारतात कशाला, मी म्हणतो असू द्या. खोलीत कुणी नसताना मी कितीदा तरी त्या खुर्चीत बसलो आहे. डोळे मिटून बराच वेळ पडून राहतो आणि मग एक डोळा हळूच उघडून पाहतो. दिवा विझलेलाच असतो. इतकी वर्षं त्या स्विचची धूळ मी पुसली, उन्हाळ्यात त्याला कूलर लावून मी घामात बसलो. भाऊंशी तो काय बोलतो हे मला अजून कळलेलं नाही… माझ्याशी का बोलत नाही, तेही नाही.