काकूंच्या वेबसाइटवरचा माझा अभिप्राय

मी मूळची सातारची आणि तोंडाची फटकळ. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी. बदल्यांमागे फिरत फिरत आम्ही चंदीगडला येऊन पडलो, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट यायला नुकतीच सुरुवात झाली होती. मला आयताच उद्योग मिळाला. शहराची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटवर मी हॉटेलांबद्दल अभिप्राय लिहायला लागले. छोले खारट असले की खारट लिहायचं, बाथरूम घाण असलं की घाण. मला तिथे ओळखत कोण होतं? मुलं हिंदीत म्हणायची, "मम्मी तो सबकी बँड बजाती है." मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मराठी मंडळात एका काकूंची ओळख झाली. काका इथूनच निवृत्त झाले आणि दोघं इथेच राहिले. घर भाड्याचं, पण ऐसपैस. वरच्या दोन खोल्या त्यांनी बाहेरगावच्यांसाठी ठेवल्या होत्या. नोकरीपायी उत्तरेत पांगलेली मराठी माणसं आईवडिलांना दाखवायला इथल्या मोठ्या रुग्णालयात यायची, त्यांची उतरायची सोय. मोहालीच्या एका माणसाकडून काकूंनी वेबसाइटसुद्धा करून घेतली होती.

"अगं, तुझ्यासारखीनं आमच्या वेबसाइटवर चार ओळी लिहिल्या तर लोकांचा विश्वास बसेल," त्या म्हणाल्या. "या खोल्या चालल्या नाहीत तर हे घर काही आम्हाला झेपायचं नाही. गावी परत जावं लागेल बघ."

एका दुपारी गेले. खोल्या दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, पायऱ्या उंच, वळणावर कठडा नाही. तिथे मी काकूंचा दंड धरला आणि "अगं बाई!" म्हणाले, ते मला अजून आठवतं. खोल्या मात्र लख्ख. मग जेवण. पुरणपोळी आणि कटाची आमटी! चार वर्षांत मी घराबाहेर कटाची आमटी पाहिली नव्हती. निघताना काकूंनी मला पाटावर बसवलं आणि खणानारळानं ओटी भरली. आता सांगा, आजवर कुठल्या हॉटेलवाल्यानं माझी ओटी भरली होती?

घरी येऊन लिहिलं: खोल्या स्वच्छ, जेवण माहेरचं, माणसं देवमाणसं. जिन्यापाशी बोटं थबकली आणि पुढे गेली. नवऱ्यानं वाचलं आणि विचारलं, "आणि तो जिना? घरी आल्यापासून गुडघे चोळतेयस."

"जिना काय, सगळ्यांच्याच घरी असतो."

"खाल्ल्या मिठाला जागलीस म्हणायची," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

जानेवारीत, ऐन धुक्याच्या दिवसांत, जवळच्या बद्दी गावातल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी करणारा एक जळगावचा माणूस वडिलांना घेऊन आला. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. माझा अभिप्राय वाचूनच त्यानं ही जागा निवडली होती. म्हातारबाबा एक मजला कसेबसे चढले आणि खाली बसले. पुढे जाववेना, मागे येववेना. शेवटी मुलानं आणि काकांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. दुसरी जागा मिळेपर्यंत अर्धा दिवस ते टॅक्सीत कुडकुडत होते. मुलानं काकूंच्या वेबसाइटवर, माझ्या अभिप्रायाखालीच लिहिलं: 'खोल्या छान असतीलही, आम्ही काही त्यांच्यापर्यंत पोचलो नाही. लिहिणाऱ्या बाई स्वतः जिना चढल्या होत्या की नाही?'

काकूंनी बोलावलं. मी जाताना उत्तर ठरवूनच गेले होते: आधी फोन करून विचारायला काय झालं होतं? वेबसाइट करणारा मोहालीचा माणूसही त्या तक्रारीबद्दल त्यांना म्हणाला होता, "आंटीजी, एक मिनट में हटा दूँगा." काकूंनी त्याला नको म्हणून सांगितलं होतं.

माझं उत्तर त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तू चढली होतीस. माझा दंड धरला होतास. मग लिहिलं का नाहीस?"

मी ओटीचं काहीतरी पुटपुटले.

"ओटी भरली ती सवाष्ण म्हणून, तोंड शिवायला नव्हे. मी रोज चढते, मला तो जिना दिसतच नाही गं. म्हणून तर तुला बोलावलं होतं."

भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेची शिक्षा एका म्हाताऱ्या माणसानं भोगली होती. मला इतकी लाज वाटली की समोरचा चहा निवून गेला.

त्याच दुपारी आम्ही ठरवलं. मी पाहुणी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून राहायला यायचं, सगळ्यांसारखं भाडं देऊन. जेवायचं तेच, जे इतरांना वाढतात. लिहिलेलं काकूंनी आधी बघायचं, पण फक्त माहितीची चूक असेल तर सांगायची. मत माझं, त्याला हात लावायचा नाही. पटलं नाही तर खाली आपल्या नावानं उत्तर लिहायचं. आणि कुणाचंही लिहिलेलं पुसायचं नाही.

नव्या अभिप्रायाचं पहिलंच वाक्य होतं: 'इथे अडतीस उंच पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर येऊ नका.' खाली काकूंनी लिहिलं: 'हे खरं आहे. आधी फोन करा, दुसरीकडची तळमजल्यावरची सोय सांगेन.' काही आठवडे एकही माणूस आला नाही. काका माझ्याशी बोलेनात. काकूंनी मात्र मला एका शब्दानंही बोल लावला नाही. मग हळूहळू फोन यायला लागले. लोक आधी जिन्याचं विचारायचे आणि मगच यायचे. आलेलं कुणी चिडून परत गेलं नाही.

जळगावच्या त्या माणसाला मी ईमेल केला होता: 'चढले होते. माझेही गुडघे दुखले होते. तरी लिहिलं नाही, माफ करा.' दीड महिना उत्तर नव्हतं. मग एके सकाळी आलं:

'बाबांना सोमवारी पुन्हा दाखवायचं आहे. तळमजल्यावरचं एखादं घर तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल तर कळवा. बाबा म्हणतात, जिनं चूक कबूल केली तिलाच विचार.'

मला भरून आलं. काकूंनी सांगितलेला एक पत्ता माझ्याकडे होता, सेक्टर पंधरामधला. पण मी तो पाहिला नव्हता. 'संध्याकाळपर्यंत पाहून कळवते,' एवढंच लिहिलं आणि पायांत चपला सरकवल्या.