बकऱ्यानं अंग झाडलं

आटपाडीच्या माळावर फौजी म्हटलं की एकच नाव, कोंडीबा मोटे. जातीचा धनगर. भरतीच्या आधी जत्रेत देवाचं बकरं कापायला गाव त्यालाच बोलवायचं; हात असा की दुसरा घाव लागायचा नाही. कापण्याआधी बकऱ्यावर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं की देवाचा कौल मिळाला, मग सुरा. पण लढाईवरून आल्यापासून पाण्याचा तांब्या दिसला की कोंडीबा तिथून उठून जायचा. लोक म्हणायचे, फौजी रक्ताला भ्याला. खुळेच लोक! रक्त त्यानं पोटभर बघितलं होतं.

नव्याण्णव सालची लढाई. डोंगर चढताना कडेगावच्या अर्जुनाचा जबडा गोळीनं उडाला, कोंडीबाच्या मांडीवरच तो गेला. दुपारी ठाणं हाती आलं, तेव्हा बंकरमधून शत्रूचा एक पोरगेला शिपाई हात वर करून बाहेर आला. मांडी फाटलेली. साहेबांनी कोंडीबाला बजावलं, "कैदी तुझ्या ताब्यात. जिवंत खाली न्यायचा."

साहेब पुढे गेले आणि पाटणचा धनाजी सुटला. अर्जुनाचा जिगरी दोस्त तो. बंदुकीचा दस्ता त्यानं कैद्याच्या तोंडावर हाणला, दात दगडावर सांडले. मग फाटक्या मांडीवर बूट दाबला. कैदी गुरासारखा ओरडला.

कोंडीबा आडवा गेला. "बास, धना. सायबानं जित्ता मागितलाय."

"तुजा कोन न्हवता व्हय रं अर्जुना?"

कोंडीबा बाजूला सरला. तिथंच तो चुकला.

"पानी," कैदी म्हणाला. धनाजीनं अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर उपडी केली. बर्फाच्या वाऱ्यात तो नखशिखांत शहारला.

"बघ कोंड्या, अंग झाडलं! कौल दिला गड्यानं!" धनाजीनं सुरा कोंडीबाच्या हातात कोंबला. सगळे हसले. कोंडीबाही हसला. आणि सवयीच्या हातानं केस धरून मान मागं ओढली. एकच घाव. पाय मात्र बराच वेळ दगडांवर झडत राहिले.

"पळत हुता," असं कोंडीबानं साहेबांना सांगितलं.

यंदा जत्रेचा मान घरात आला. मुलगा विश्वजित सुरा घेऊन उभा, आणि तांब्या त्यानं बापाच्या हातात दिला. चारचौघांत नाही म्हणता येईना. कोंडीबानं पाणी ओतलं. बकरं हललं नाही.

"आणखी वता, आबा!"

त्यानं पुन्हा ओतलं. बकऱ्यानं अंग झाडलं. हलगी कडाडली, विश्वजितनं सुरा उचलला, आणि कोंडीबानं त्याचं मनगट करकचून धरलं.

"थांब रं! पानी गार हाय म्हनून झाडलं त्यानं. प्यायला मागितलं हुतं त्यानं, प्यायला!"

हलगी थांबली. कोंडीबा मातीत बसला आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या बकऱ्याच्या तोंडाला लावला. सुरा तसाच धरून विश्वजित बघत राहिला. बकऱ्यानं पाणी कधी मागितलं, ते त्याला कळेना.