लॉट गेला की आम्ही गेलो

चिपच्या कारखान्यात धूळ साठत नाही. म्हणजे साठू देत नाहीत. त्यासाठीच छतातून दिवसभर गाळलेली हवा खाली सोडतात. साठतात ते किस्से! आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर मास्क, फोन बाहेर, कागद बाहेर. समोरच्या माणसाचे फक्त डोळे दिसतात. मग कपडे बदलायच्या खोलीत मास्क खाली आला की प्रत्येकाच्या तोंडून जे भडाभडा निघतं, ते मी वर्षभर ऐकतोय. त्यातले थोडे सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. आम्हाला तेव्हा आलं नव्हतं.

* * *

सुरुवात लंडनच्या ईलिंग भागात. दिवाळीचा कार्यक्रम, भाड्याचा हॉल, माइकवर आपटे काका. हे वेल्समधल्या एका छोट्या चिप कारखान्याचे साहेब. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार ईलिंगच्या घरी. विषय नेहमीचाच, तैवान! "काय होतं हो त्यांच्याकडे? भातशेती आणि भूकंप! पण तरुण इंजिनिअर बाहेर पाठवले, शिकवून परत आणले, कारखाने काढले. आज जग त्यांच्या दारात उभं आहे. एवढासा देश! आणि आपण?"

टाळ्या. सगळ्यात जोरात माझ्या बाबांच्या. बाबा डॉक्टर, आम्ही हाउन्सलोला राहतो. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री अर्धी सोडलेली. बाबा लोकांना सांगतात, "सोहम सध्या गॅप घेतोय."

प्रश्न विचारा म्हणाले, म्हणून मागच्या रांगेतून मी विचारला. "काका, तुमचा मुलगा काय करतो?"

"इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे."

"आणि मुलगी?"

"तीही."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की पुढे कुणीतरी चकली चावली ती मागे ऐकू आली!

चहाच्या वेळी काकांनी मला कोपऱ्यात गाठलं. "जीभ फार चालते तुझी. सोमवारी वेल्सला ये. हात चालतात का बघू."

बाबा शेजारीच होते. म्हणाले, "जा. निदान गॅप कुठे घेतोयस ते तरी सांगता येईल."

* * *

आमच्या मोठ्यांना तैवान फार आवडतं. म्हणजे दुसऱ्याच्या पोरांनी केलेलं फार आवडतं. तिथल्या मोठ्यांनी पोरांना सांगितलं, जा, शिका, परत या, इथं उभं करा. आमच्यांनी सांगितलं, जा. पुढचं वाक्यच नाही! मग हॉल भाड्याने घ्यायचा आणि विचारायचं, आपण मागे का?

हे मी काकांना तोंडावर म्हणालो. काका म्हणाले, "ग्लोव्ह्ज नीट घाल."

* * *

आता खरी गोष्ट. वेफर म्हणजे ताटलीएवढी चकचकीत चकती. तिच्यावर शेकडो चिप एकदम तयार होतात. अशा वेफरची एक पेटी म्हणजे एक लॉट. उन्हाळ्यात मालकांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं, तैवानच्या एका ग्राहकाला आपण नमुन्याचा एक लॉट देतोय. पसंत पडला तर लाइन चालू. नाही पडला तर बंद.

लोक पुटपुटत उठले. मृणालताई उठलीच नाही. ती नागपूरची, आमची प्रोसेस इंजिनिअर. त्या लॉटचं प्रत्येक पाऊल तिने ठरवलेलं. तिचा व्हिसा ह्याच कंपनीच्या नावावर, नवऱ्याचा तिच्या नावावर, मुलगी इथल्या शाळेत.

"लॉट गेला की आम्ही गेलो," ती म्हणाली.

ओवेन आमचा शिफ्ट लीडर, तिथलाच, पक्का वेल्श. त्याने विचारलं, "कुठे?"

"नागपूरला."

"इतकं वाईट आहे?"

"मे महिन्यात ये. मग विचार."

ती हसली नाही. त्या दिवसापासून कपडे बदलायच्या खोलीत कुणी "गुड मॉर्निंग" म्हणेना. सगळे एकच विचारायचे, "लॉट कुठवर आला?"

* * *

एकदा जेवताना काकांचं तैवानपुराण चालू होतं. ओवेन सूप पीत होता. म्हणाला, "लहान देश आम्हीही आहोत. हा कारखाना आमच्याच देशात आहे. आमच्यावर भाषण कधी?"

काका दिलखुलास हसले. "अरे, वेल्स काय, इंग्लंडच की!"

ओवेनने चमचा खाली ठेवला. आजूबाजूच्या टेबलांवरचेही चमचे खाली आले. आयुष्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ब्रिटनमध्ये काढलेला माणूस हे बोलला! घरी कुणी महाराष्ट्र म्हणजे गुजरातच की म्हणालं असतं, तर ह्यांनीच ताट भिरकावलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ओवेन काकांशी फक्त वेल्शमध्ये बोलायला लागला. अगदी नम्रपणे, "सर"च्या सुरात. आणि लॉट नेमका त्याच्या हातात! दर सकाळी तो येऊन काकांना लॉटची खबर देणार, काका घामाघूम. चेहऱ्यावरून काहीच कळायचं नाही. बरी बातमी की वाईट?

एकदा तो बराच वेळ बोलला आणि निघून गेला. काका मृणालताईकडे धावले. मुलीच्या शाळेमुळे तिला थोडंफार वेल्श यायला लागलं होतं. "काय म्हणाला? लॉट ठीक आहे ना?"

"लॉट ठीक आहे, सर."

"एवढं लांबलचक बोलला तो!"

"लॉटबद्दल एवढंच होतं, सर. बाकीचं तुमच्याबद्दल होतं."

काकांनी माफी मागितली. संध्याकाळी, पार्किंगमध्ये, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. अपमान कँटीनमध्ये, माफी पार्किंगमध्ये!

* * *

मग फायर अलार्म. लॉट आत मशीनमध्ये, आणि भोंगा! नियम असा की हातातलं असेल तिथे सोडायचं आणि बाहेर पडायचं. आम्ही सगळे पांढऱ्या सुटांत पार्किंगमध्ये, वरून बारीक पाऊस. मृणालताईची नजर दारावर खिळलेली. मशीन मध्येच थांबलं तर त्यातले वेफर कचऱ्यात जातात, हे प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून कुणी बोलत नव्हतं.

काका बोलले! "तैवानमध्ये भूकंप झाला ना, की इंजिनिअर घरच्या कपड्यांत कारखान्याकडे धावतात. कुणाला बोलवावं लागत नाही. याला म्हणतात कल्चर!"

"तिथे भूकंप होतो, सर," ओवेन म्हणाला. "इथे कुणीतरी टोस्ट जाळलाय."

तेवढ्यात फायर ब्रिगेडचा माणूस कँटीनमधून टोस्टर घेऊन बाहेर आला. चिमट्याने त्यातून काहीतरी काळं, गोल, मधोमध भोक असलेलं बाहेर काढलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

कुणालाच सांगता येईना. मी ओळखलं. मृणालताईनेही ओळखलं. भाजणीचं थालीपीठ!

"काकूंनी डब्यात दिलं होतं," काका म्हणाले. "थंड झालं होतं रे."

मशीन थांबलं नव्हतं. लॉट वाचला. मृणालताईने सुटाच्या हुडवरचा पाऊस पुसला आणि काकांकडे न बघता आत गेली.

* * *

लॉट शेवटच्या टप्प्यात आला. ग्राहकाची तपासनीस विमानाचं तिकीट काढून बसलेली. आणि एका सकाळी हवेतले कण मोजणारं यंत्र ओरडायला लागलं.

ज्या खोलीत वेफरवर नक्षी छापतात तिथे उजेड पिवळा असतो. छपाईच्या मशीनच्या दरवाज्यावर, अगदी वेफर आत सरकतात तिथे, दोन तपकिरी ठिपके. ओवेन खाली बसून बघतोय. "गंज? मशीनला गंज?"

मृणालताईने त्या दरवाज्यातून गेलेले वेफर बाहेर, पांढऱ्या उजेडात नेले. मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग मला म्हणाली, "सोहम, आज तिथी काय रे?"

मी बघितलं. लाल. लाल आणि थोडं पिवळं.

खंडेनवमी! हत्यारांची पूजा! तैवानचं तैवान कसं झालं हे वर्षानुवर्षं सांगणारा माणूस सुटाच्या आतून हळद-कुंकवाची डबी घेऊन क्लीनरूममध्ये शिरला होता. जिथे बायका पावडर लावून येत नाहीत, जिथे मी केसाला तेल लावणं सोडलं, तिथे ह्यांनी मशीनला दोन बोटं ओढली आणि नमस्कार केला!

"चिमूटभरच होतं रे," काका म्हणाले.

मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका खुर्चीत बसले. "सगळं करून झालं होतं," ते म्हणाले. "काही राहायला नको, एवढंच मनात होतं." मला दया यायला हवी होती. नाही आली.

दोन वेफर खराब. बाकीचे स्वच्छ दिसत होते. दिसत होते, एवढंच कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकलं असतं.

थोड्या वेळाने काका सावरले आणि पुन्हा साहेब झाले. "फिल्टर बिघडला म्हणायचं. फिल्टर सगळीकडे बिघडतात. मृणाल, तुझ्यासाठीच सांगतोय. व्हिसा तुझा आहे."

चूक ह्यांची, भीती ह्यांची, आणि पुढे करायचं तिचं नाव!

मृणालताई एवढंच म्हणाली, "बघते, सर."

* * *

तपासनीस आली. मिस लिन. बारीक चणीची, पन्नाशीची, कोटाच्या आत स्वेटर. काकांनी 'तुमच्या लहान देशाकडून आम्ही काय शिकलो' यावर स्लाइड्स केल्या होत्या. पहिल्याच स्लाइडला ती म्हणाली, "हे मला माहीत आहे. लॉटला ज्यांनी हात लावला त्यांना बोलवा."

म्हणून आम्ही चौघे तिच्यासमोर. काका, ओवेन, मृणालताई, मी. तिने लॅपटॉप फिरवला. हवेतल्या कणांचा आलेख सपाट, सपाट, आणि मध्येच एक सुळका. त्यावर तिने बोट ठेवलं.

"इथे काय झालं?"

"फिल्टर," काका म्हणाले. लगेच. फारच लगेच.

लिनने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती मृणालताईकडे बघत होती. ओवेन टेबलाकडे बघत होता. मी तोंड उघडलं, तर मृणालताईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"फिल्टर नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात. लाल पूड लावतात. मशीनला लावली होती. दोन वेफर गेले, ते मी बाजूला काढलेत. बाकीचा प्रत्येक मी तपासलाय. तरी पुन्हा तुम्ही तपासा."

काकांनी डोळे मिटले.

लिनने लॅपटॉप बंद केला. मग विचारलं, "कुठल्या मशीनला?"

"छपाईच्या."

"का?"

"नीट चालावं म्हणून," मृणालताई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

लिन वाकली आणि पायाशी ठेवलेल्या बॅगेत हात घातला. मला वाटलं, आता फोन काढणार, वरिष्ठांना कळवणार. तिने काढलं एक हिरवं, फुगलेलं पाकीट. लहान मुलांच्या खाऊचं. आपल्या कुरकुऱ्यांसारखं काहीतरी, वर एका बाळाचं चित्र. ते तिने टेबलावर ठेवलं. मग अल्कोहोलचा कपडा मागून घेतला आणि पाकीट सगळ्या बाजूंनी पुसलं. सावकाश, कोपऱ्यांसकट.

"आमच्याकडे प्रत्येक मशीनवर असतं," ती म्हणाली. "हिरवंच लागतं. फोडायचं नाही. तारीख उलटू द्यायची नाही, नाहीतर मशीन रुसतं." आणि पहिल्यांदाच काकांकडे वळून म्हणाली, "सीलबंद, सर."

पाकीट तिने मृणालताईच्या हातात दिलं. मृणालताईने ते उलटं करून मागची तारीख शोधली.

"आणि ही तारीख उलटली की?"

लिन कोट घालत होती. "त्याच्या आत मी दुसरं घेऊन येईन."