वास घेणाऱ्या काकू

१९ जूनची संध्याकाळ. ओट्यावर तीन डबे घासायला पडले होते. माझा आणि माझ्या लेकीचा, सईचा, घासून झाला. तिसरा डबा दुसऱ्या मजल्यावरच्या ओवीचा होता. तो मी घासला नाही. झाकण घट्ट लावून बाल्कनीत नेऊन ठेवला. आतल्या नूडल्सना दिवसभराच्या उकाड्यात तार सुटायला लागली होती. ठेवण्याआधी झाकण उघडून वास घेतला आणि पहिल्यांदा आठवण झाली ती शी-काकूंची.

काकूंना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस होती. वापरलेला रुमाल घडी घालून पुन्हा खिशात ठेवणाऱ्यांची, बुटांसकट घरात शिरणाऱ्यांची, बाटलीला तोंड लावून पाणी पिणाऱ्यांची. त्यांचं वाक्यच 'शी' पासून सुरू व्हायचं. मुलांनी त्यावरून नाव ठेवलं आणि ते काकूंच्या कानावरही गेलं. "म्हणू दे की," त्या म्हणाल्या, "धुतलेल्या तोंडानं म्हणतेत ना? मग लई झालं."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. मूळच्या फुलंब्रीकडच्या. मुलगा आणि सून दोघंही कामावर जायचे. आधी शेजारच्या एका पोराला त्यांनी दुपारी बसवून घेतलं, मग दुसऱ्याला, आणि बघता बघता इमारतीतली सगळी शाळकरी पोरं त्यांच्याकडे जायला लागली. शाळा दुपारी सुटते आणि कंपनी संध्याकाळी. मधले तास कोणाचे, हा प्रश्न आमच्यासाठी काकूंनी सोडवला होता. मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. नवरा चिकलठाण्याला. काकू होत्या म्हणून दोन्ही नोकऱ्या होत्या.

दारात एक बादली आणि मग. शाळेच्या बसमधून उतरलेलं पोर आधी तिथे उभं राहायचं. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्याने येतं, बाकी सगळं टँकरवर. म्हणून काकू पाय परातीत ठेवायला लावायच्या आणि परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घालायच्या. एकही पोर कोरड्या पायाने आत गेलं नाही. "शी, शाळेतली सगळी धूळ घेऊन आलास. मास्तरला ठिवली का नाही काही?" असं बोलत बोलत धुऊन घ्यायच्या. मग ताटं. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, कांदा. घरी चार भाज्या नाकारणारी सई तिथे आमटी ओरपायची. मी एकदा घरी येसर आणून तशी आमटी केली. सईने चव घेऊन वाटी बाजूला सारली.

पण काकूंची खरी पद्धत संध्याकाळची होती. मुलांचे शाळेतून परत आलेले डबे त्या घासत नसत. तसेच झाकण लावून ओळीने ठेवत. आई किंवा बाप न्यायला आला की पोर देण्याआधी डबा उघडून त्याच्या नाकापुढे धरत. "घ्या वास." घेतल्याशिवाय पोर मिळत नसे. माझ्यापुढे पहिल्यांदा धरला तेव्हा आत पास्ता होता. मी वास घेतला. दुसऱ्या दिवसापासून पोळी-भाजी द्यायला लागले. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. कारखान्यात मी लोकांचा माल याच पद्धतीने परत पाठवते.

किळस असली तरी हात कधी मागे घेतला नाही. सईला एकदा जेवता जेवता उलटी झाली. काकूंनी ओंजळ पुढे केली. फरशी पुसताना, फ्रॉक बदलताना, तोंड धुताना 'शी शी' चालूच होतं, आणि पोरगी त्यांच्याच मांडीवर झोपली होती. मी पोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. "सकाळी तापाचं औषध पाजून पाठिवली व्हय? पोरगी हाय का मोटार?" त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट होतं. मी ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सायबाला म्हणावं, ओकंल ती तुझ्या टेबलावर."

काकूंचा घात या डब्यांनीच केला. ओवीचे वडील बँकेत मॅनेजर, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी ओवीला तिची आई न्यायची. एकदा ते स्वतः आले, बरोबर दोन पाहुणे. काकूंनी पाहुणे बघितले नाहीत. डबा उघडला आणि धरला. साहेबांनी तोंड फिरवलं. काकूंचा हात त्यांच्या तोंडामागोमाग फिरला. "पोरीनं दोन घास खाल्ले आन ठिवलं. तुम्ही नुसता वास घ्या." पाहुण्यांपैकी एक हसला.

महिनाभरात नोटीस लागली. रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. सेक्रेटरींनी कागदावरून वाचलं: निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर, पाण्याचा गैरवापर, लॉबीत ओल्या पायांचे ठसे, अन्नाचा वास. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं काकूंकडे जेवून मोठी होत होती. सगळे फोनमध्ये बघत होते. एक बाई तर न आलेला फोन उचलून बाहेर गेल्या. मी उठून विचारलं, "उद्या दुपारी शाळा सुटल्यावर तुमची मुलगी कुठे असेल?" सेक्रेटरी म्हणाले, "तो ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे, मॅडम." त्यांनी ओवीसाठी जालना रोडवरचं मुलं सांभाळणारं एक केंद्र आधीच बघून ठेवलं होतं. एसी, कॅमेरे, ने-आण करायला व्हॅन. मतदान झालं. काकूंच्या बाजूने माझ्याशिवाय कोणीच हात वर केला नाही. काकू जिन्याशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

त्यानंतर जे झालं त्याची मला आजही शिसारी येते. वार्षिक परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली होती. ती संपायला आली तशी एकेक आई, एकेक बाप काकूंच्या दाराशी चप्पल न वाजवता येऊ लागला. प्रत्येकाचं म्हणणं एकच. बाकीची पोरं बंद करा, फक्त आमचं तेवढं ठेवा, एकाला कोण व्यवसाय म्हणतंय. सगळ्यांत शेवटी सेक्रेटरींची बायको आली. केंद्रातलं जेवण ओवीला आवडणार नाही म्हणत होती. काकूंनी मला हे पत्र्याची पेटी भरता भरता सांगितलं.

"उघड्यावर एक बी बोललं नाही. आन मागल्या दारानं सगळे आले. पोरांच्या नाकाची कधी मला खरी घाण वाटली नाही गं. ही वाटली."

मी म्हटलं, तुम्ही जाऊ नका, मुलाचं घर आहे, कोणी घालवत नाहीये. त्या म्हणाल्या, "दुपारभर टीव्हीपुढं बसू? शी." पेटीवर परात उपडी घातली, सुतळीने बांधली आणि दुसऱ्या दिवशी फुलंब्रीच्या एसटीत बसल्या. रडल्या नाहीत, मीही नाही. मुलं खिडकीपाशी उभी होती. त्यांच्याकडे बघून त्यांनी स्वतःच्या नाकाला पदर लावला आणि बाहीला नाक पुसणाऱ्या एकाला त्या पदराआडूनच दटावलं.

मे महिना सुट्टीत निघाला. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मधले तास परत आमच्या अंगावर आले. सासूबाई गंगापूरहून आल्या आणि कपाशीच्या लागवडीला परत गेल्या. मग नणंदेने सिडकोतल्या घरी सईला ठेवून घेतलं, तेही फक्त त्या आठवड्यापुरतं. माझी रजा संपत आली होती. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, नोकरी करायची का नाही ते एकदा ठरवा." मी काकूंना फोन केला. त्या नाही म्हणाल्या. "तू ये की पोरीला घिऊन. पाय धुवून ये. पर त्या पार्किंगमधून म्या आता जात नाही."

जालना रोडवरचं केंद्र मुलं जमली नाहीत म्हणून त्याच महिन्यात बंद पडलं. हे मला १९ जूनला कळलं. सईला घेऊन घरी आले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर ओवी बसली होती. गळ्यात चावीची दोरी, पण चावी नव्हती, ती शाळेत कुठेतरी पडलेली. दुपारपासून ती तिथे होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तिला ओलांडलं असणार, कारण जिना अरुंद आहे. बापाचा फोन बंद होता, तिमाही हिशेबांची गडबड. मी तिला वर नेलं, पाय धुतले, आमटी-भात वाढला. तिने खाता खाता विचारलं, "शी-काकू कधी येणार?" तिची आई येऊन तिला घेऊन गेली. डबा मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार सेक्रेटरींनीच उघडलं, अर्ध्या चेहऱ्याला साबण लावलेला. मी झाकण काढलं आणि डबा त्यांच्या नाकापुढे धरला.

"घ्या वास."

ते मागे सरकले. मी पुढे सरकले. मागून त्यांची बायको आली, डब्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकूंचा नंबर आहे का हो?"

"आहे. त्या येणार नाहीत. मी विचारून झालंय." मी डबा तिच्या हातात दिला. "आजची दुपार माझी. अर्धी रजा टाकली आहे. ओवीला बसमधून उतरवून वर आमच्याकडे नेते. उद्याची तुमच्या दोघांपैकी एकाची. बाकी घरांत मी आता जातेच आहे, प्रत्येकाला आठवड्यातला एक वार."

"अहो, पण मला बँक आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मला कंपनी आहे. दारात बादली आणि परात ठेवा. पाय गुडघ्यापर्यंत."

तिसऱ्या मजल्यावर गेले आणि पुढची बेल वाजवली.