माहेरच्या वांग्याचा वाफा

आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा मनात घेतलं की घेतलं. मग समोर मुलगा असो, सरपंच असो, नाहीतर मांजर. पुतळाबाई म्हटलं की जासईत आमची अख्खी आळी वचकून असते. मी तर त्यांच्याच घरात राहते, सांगा आता!

घर दुमजली. खाली आम्ही, वर भाडेकरू. मागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा. तिथे मितेशला, माझ्या नवऱ्याला, गाडीसाठी शेड घालायची होती. आई म्हणाल्या, "मी गेल्यावर घाल." विषय संपला. तिथे त्यांचे वाफे आहेत. मिरची, माठ, मुळा, आणि एक वाफा त्यांच्या माहेरच्या वांग्याचा.

हे वांगं बाजारात मिळत नाही. पांढुरकं, लिंबाएवढं, देठाला काटे. आईंच्या माहेरी दारोदार होतं. मग ते गाव विमानतळात गेलं. घरं पाडली, माणसं नव्या वसाहतीत गेली, आणि त्या धांदलीत वांग्याचं बी कोणाला आठवतंय! आईंकडे तेवढं चिमूटभर उरलं होतं, राखेत घोळवून डबीत ठेवलेलं. मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पेरायचं राहिलं, आणि बी काही कायमचं टिकत नाही. "यंदा उगवलं तर उगवलं," आई म्हणाल्या, "नायतर माज्या माहेरचं काय बी उरलं नाय."

गणपती गेले तसं त्यांनी निम्मं बी टाकलं आणि निम्मं हाताशी ठेवलं. बाई हुशार. कारण रोपं दोन पानांवर आली आणि एका सकाळी बघतो तर वाफा उकरलेला. रोपं मुळासकट उलटी, आणि मांजरांनी आपला विधी उरकून वर माती ओढून ठेवलेली. आईंनी खाली बसून एकेक रोप उचलून पाहिलं. एकही वाचण्यासारखं नव्हतं. मला वाटलं आता रडतील. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता बगतेच."

ते 'बगतेच' आम्हा सगळ्यांना भोवलं. आधी डांबराच्या गोळ्या आल्या, तर मांजरं त्या पंज्याने टोलवत बसली. मग निळ्या पाण्याच्या बाटल्या, मग संत्र्याची सालं. घरात संत्री खाऊन खाऊन आमची तोंडं आंबली. मग मिरचीची पूड टाकली, तर वारा उलटा फिरला आणि आईच शिंकून शिंकून बेजार. शेवटी मितेशने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. माणसाला ऐकू येत नाही अशी शिट्टी ते वाजवतं म्हणे. मांजरं त्याला पाठ घासायला लागली.

"आपल्याला ऐकू येत नाय, त्यांना ऐकू येत नाय," आई म्हणाल्या, "मग वाजतंय कोनासाटी?" मितेशने गुपचूप ते उचलून कपाटात टाकलं.

मग सगळा राग वरच्या शौनकवर निघाला. शौनक आमचा भाडेकरू, साताऱ्याकडचा, एकटा जीव. ऑफिसातून आला की जिन्यात बसून मांजरांना बिस्किटं घालतो. आई खालूनच कडाडल्या, "तूच लाडावून ठेवलीस ही बला! ती मांजरं तरी जातील नायतर तू तरी!" पोरगं बिचारं पांढरं पडलं. मी म्हटलं, "अहो आई, किती टेन्शन देता त्याला?" तर माझ्यावरच घसरल्या. मी आत जाऊन कुकर लावला.

घट बसले त्या दिवशी आईंनी उरलेलं सगळं बी पेरलं. डबी उलटी करून बोटाने आतून पुसून घेतली. आता हाताशी काहीच नव्हतं, आणि रोज उठल्या उठल्या त्या आधी मागे जायच्या, मगच चूळ भरायच्या. नवरात्रभर वाफ्याला कोणी शिवलं नाही. रोपं झकास वर आली. आई एकवीरा आईला हात जोडून म्हणाल्या, "माजी आय राखन करते." चार बायकांना बोलावून दाखवलं पण.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मितेश बोंबील आणि कोळंबी घेऊन आला, सगळे पोटभर जेवलो. सकाळी वाफा पुन्हा उकरलेला! पाच रोपं उभी होती, बाकी गेली.

माझ्या तोंडाला फाटक नाही. मी बोलून गेले, "काय हो आई, देवी रजेवर गेली की काय?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "सुचिता, काल म्हावऱ्याचं पानी मी कुटं घातलं?"

"नेहमीसारखं वाफ्यांना. वांग्याला जरा जास्तच."

मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्याने झाड जोम धरतं. आईंना त्यांच्या आईने शिकवलेलं, आणि वांगं लाडकं म्हणून सगळ्यात जास्त पाणी वांग्याला. पण नवरात्रात घरात मासळी नव्हती, म्हणून ते पाणीही नव्हतं. मांजरं तर नवरात्रभर जिन्यात शौनकची बिस्किटं खात होती, एकही मागे फिरकलं नाही.

"देवी नव्हती गो," आई म्हणाल्या, "म्हावरं नव्हतं. मीच आवतन दिलं त्यांना. माज्याच हातानं." मलाही वाईट वाटलं, उगाच बोलले असं झालं.

पण बसून राहतील तर त्या पुतळाबाई कसल्या! तो दुखरा गुडघा घेऊन जिना चढल्या. शौनकला वाटलं, आली नोटीस. आई म्हणाल्या, "पोरा, मी तुला नाय नाय ते बोलले. चुकलं माजं. तू घाल बिस्किटं, पन रस्त्याच्या बाजूला घाल." मग खाली येऊन वाफ्यातली वरची माती काढली, दुसरी घातली. सासऱ्यांचं मासे धरायचं जुनं जाळं काठ्यांवर ताणून बसवलं. माशांचं पाणी तेव्हापासून घरापुढच्या नारळाला. मांजरंही पुढेच रमली.

पाचही झाडं जगली. वांगी धरली तशी आमच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आई एकाला हात लावू देईनात. "बियाला हायत. पिकून पिवळी होऊ दे. तुमी पुढल्या साली खा." एवढा जीव काढला आमचा आणि एक घास नाही! मितेशने कापं करू म्हणून दोनदा विचारलं, दोनदा शिव्या खाल्ल्या.

शिमगा जवळ आला तेव्हा हौसेरावमामा आले, आईंचे धाकटे भाऊ. आईंनी त्यांच्यापुढे बियांची पुडी ठेवली. मामांनी उघडून पाहिली, बोटाने बी चिवडलं. मग हसून म्हणाले, "बाय, हे नेऊन करू काय? तिसऱ्या माळ्यावर ऱ्हातो मी. माती कुटं हाय माज्याकडं?"

मामांची खाडीकाठी भाताची शेती होती. ते हसत होते, पण आम्हाला कोणाला हसू येईना.

आईंनी फावडं घेतलं. मागे गेल्या, जाळं बाजूला केलं, आणि ज्या वाफ्याला नंतर मांजराचं नखही लागू दिलं नव्हतं तो स्वतः खणायला लागल्या. मी फावडं मागितलं, दिलं नाही. मामा तांदळाची रिकामी गोणी तोंड उघडून धरून उभे होते. अर्धी भरल्यावर आईंनी विचारलं, "बास?"

"भर," मामा म्हणाले.

गोणी काठोकाठ भरली. मितेशने ती मामांच्या स्कूटरवर पुढे पायांपाशी ठेवली. पाय ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा मामा दोन्ही पाय बाहेर काढून बसले आणि हळूहळू घरी गेले.