पानाची काख आणि माझं स्पॅनिश

चहा ओता, पण घोट घ्यायच्या आधी माझी फजिती ऐका. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

मी महाप्याला एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. कसल्या? प्रिंटरच्या! कागद अडकला, शाई संपली, लाल दिवा लागला. या तीन दुःखांवर मी अस्खलित बोलते. पण सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत बातमी अशी, की सुलभाला स्पॅनिश फाडफाड येतं. आता ही बातमी पसरवली कोणी? मीच की!

एका सकाळी आमचे सेक्रेटरी राणेकाका दारात उभे. "सुलभा, कोलंबियाहून एक प्राध्यापकबाई आल्यात, झाडाझुडपांच्या. आपल्या खाडीतलं तिवर बघायचंय त्यांना. इंग्रजी थँक्यूपुरतं. बोलशील ना त्यांच्याशी?"

"काका, टेन्शनच घेऊ नका!"

घ्यायला हवं होतं हो त्यांनी!

राणेकाका आणि मी खाडीवर पोचलो. ओहोटीचे जेमतेम दोन तास हातात, मग सगळं पाण्याखाली. प्राध्यापक एलेनाबाई गुडघाभर बूट घालून वही उघडून तयार. वाट दाखवायला गावातल्या चांगुणामावशी. वय साठीच्या पुढे, वडील मिठागरात राबलेले, सगळा जन्म या चिखलाच्या काठावर गेलेला. आम्ही तीन पावलांत चारदा घसरत होतो आणि मावशी साडी खोचून अशा चालल्या होत्या, जशी घरातली फरशी!

एलेनाबाईंनी तिवराचं पान धरलं, वरच्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आस."

मला माहीत होतं! 'आस' म्हणजे 'कर'. मी मावशींना सांगितलं, "मावशी, त्या म्हणतायत, करा."

"काय करू?"

तेवढ्यात बाईंनी पान उलटं केलं, खालच्या बाजूवर बोट ठेवलं. 'आस' म्हणजे पानाची वरची बाजूही, हे मला मागाहून कळलं. मावशींनी माझा नाद सोडला. पानाची वरची बाजू दाखवून म्हणाल्या, "ह्यो तोंड." पान उलटं करून म्हणाल्या, "ही पाठ." आणि पानाला जीभ लावली! "बग, मीठ! झाड पिनार खारा पानी, आन् मीठ घामासारका बाहेर टाकनार."

एलेनाबाईंनीही पान चाटलं. डोळे असे चमकले म्हणता! दोघी पानं चाटतायत आणि दुभाषी मध्ये खांबासारखी उभी.

मग आली माझ्या पराक्रमाची वेळ. बाईंनी देठाजवळ कुठेतरी बोट दाखवलं आणि विचारलं, "येमा आक्सिलार?"

येमा म्हणजे अंड्यातला बलक. आक्सिला म्हणजे काख. काखेतला बलक? बिचाऱ्या बाईंनी मला समजावं म्हणून स्वतःच्या काखेवर थाप मारली, "आक्सिला! आक्सिला!"

लख्ख प्रकाश पडला! मी ओरडले, "राणेकाका, बाईंच्या काखेत पुरळ उठलंय! त्यांच्याकडे त्यावर बलक लावत असणार. अंडी आणा!"

"इथे? खाडीत?"

"पळा काका! पाहुण्या आहेत!"

आणि काका पळाले हो, गुडघेदुखी विसरून!

इकडे मावशी माझ्याकडे बघत होत्या. "अगो पोरी, तिला काय बी झाला नाय. ती पानाचे काखंनला डोला इचारते." त्यांनी फांदी वाकवली. पानाचं देठ फांदीला जिथे मिळतं, त्या बेचक्यात एक इवलासा कोंब होता. "ह्यो. यातशीच नवी फांदी फुटनार."

"येमा!" एलेनाबाई ओरडल्या.

"डोला!" मावशी ओरडल्या.

म्हणजे बघा, मावशींच्या भाषेतही पानाला काख होती! आणि 'येमा' म्हणजे बलक, तसा कोंबही! माझं भाषांतर शब्दशः बरोबर होतं, फक्त मला कळलं नव्हतं. बाईंनी वहीत पुस्तकातलं इंग्रजी नाव लिहून दाखवलं, 'ॲक्सिलरी बड'. तेही मला येत नव्हतं! म्हणजे एका दमात दोन भाषांत नापास.

तेवढ्यात राणेकाका धापा टाकत आले. हातात सहा अंडी. "कच्ची फुटली असती चिखलात. म्हणून टपरीवरून उकडलेलीच आणली."

एलेनाबाईंनी मला नजरेनेच विचारलं, हे काय? मी बलकाकडे, मग त्यांच्या काखेकडे बोट केलं. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मावशींना त्यांचा दंड धरावा लागला. मग आम्ही सगळ्यांनी अंडी खाल्ली. करणार काय?

पुढचा तासभर माझं काम संपलेलं. मावशी फांदी दाखवायच्या, बाई चित्र काढायच्या. फूल, फळ, चिखलातून वर आलेली श्वास घेणारी मुळं, सगळ्याला तिकडे एक नाव, इकडे एक नाव. एक शाळेत न गेलेली, दुसरी कॉलेजात शिकवणारी, पण झाडाकडे बघायची नजर अगदी एक. मी मात्र भारावून बघत राहिले.

पाणी चढायला लागलं. निघताना एलेनाबाई एकदम माझ्याकडे वळल्या आणि कळवळून म्हणाल्या, "ला प्लांतुला! ला प्लांतुला!"

'प्लांता' म्हणजे तळपाय, हे मला पक्कं ठाऊक! बाईंना माझ्या पायांची केवढी काळजी! मी छातीवर हात ठेवला आणि अस्खलित स्पॅनिशमध्ये म्हटलं, "काही दुखत नाही, बाई. तुमचे खूप आभार!"

चांगुणामावशींनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगो, ती बोलते, तू रोपाव उबी हास! पाय काढ!"